बोक्याला मधुमेह : क्रोमियमच्या पावडरीचा कुणाला अनुभव?

अनघा_गिरगाव
नमस्कार मंडळी. दोन दिवस शोधलं, मांजराच्या मधुमेहावर इथे एकही धागा सापडला नाही, म्हणून काढतेय.

आमचा बोका गुंड्या. वय साडेनऊ, वजन ७ किलो १००, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. चाळीच्या दुसऱ्या मजल्याबाहेर आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. मे महिन्यापासून पाण्याच्या वाडग्यावरून हलेना. मी म्हटलं उकाडा आहे. पाऊस सुरू झाला तरी तेच. ट्रेमध्ये वाळूचे गोळे लिंबाएवढे निघायचे, ते मोसंबीएवढे निघायला लागले. पण खरा शोध सासूबाईंचा. गुंड्याने एकदा ट्रे सोडून गॅलरीच्या कोपऱ्यात सू केली आणि तासाभरात तिथे मुंग्यांची रांग. सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला साखर झालीय. माझ्या वडिलांचं असंच कळलं होतं." मी हसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे शुगर निघाली ४१२.

गेले अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे. प्रश्न असा की, ज्या दुकानातून त्याचं खाणं घेतो त्या दुकानदाराने एक डबी गळ्यात मारली. ११५० रुपये. "मॅडम, क्रोमियम, व्हॅनेडियम, झिंक, सगळी मिनरल्स आहेत. दोन महिन्यांत सुया बंद." सुया बंद म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा उजळला, कारण सकाळी सातची सुई त्याच्याकडे आहे. डबीचं सील अजून फोडलेलं नाही. द्यावी का? कुणी दिली आहे का?

लोकल_८_०५
रुमाल टाकून ठेवतो. आत्ता एका पायावर उभा आहे, कुर्ला गेलं की टाइप करतो.

पावशेर
मुंग्यांची पॅथॉलॉजी लॅब! घरपोच सेवा, रिपोर्ट तासाभरात, फुकट. सासूबाईंना साष्टांग नमस्कार. (दिवे घ्या.)

शेवंता_वसई
अनघाताई, मी दिलंय. आमच्या मनीला गेल्या वर्षी झाला होता मधुमेह. क्रोमियमची पावडर चार महिने दिली. शुगर ३८० वरून १६० वर आली. साइड इफेक्ट काही नाही. डॉक्टर लोक अशा गोष्टी सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचं काही नसतं. बिनधास्त द्या.

मांजरप्रेमी_नाही
११५० रुपये बोक्याच्या पावडरीला. आमच्या वेळी मांजर उंदीर खायचं आणि मधुमेह माणसाला व्हायचा.

निमूट
@मांजरप्रेमी_नाही, तुमचं नाव वाचूनही तुम्ही या धाग्यावर आलात, म्हणजे आत कुठेतरी ओलावा आहे.

आणि गंमत म्हणून बोललात तरी बरोबर बोललात. उंदरात पिष्ट जवळपास नसतंच. कोरड्या खाण्यात भरपूर असतं, त्याशिवाय त्या दाण्याला आकारच येत नाही. मांजर मुळात मांसाहारी प्राणी. त्यात ऑपरेशन झालेला, घरात बसलेला, जाडा बोका. आजार जणू पत्ता विचारतच येतो.

आजोबा_७२
मी स्वतः २६ वर्षे मधुमेही. क्रोमियम, मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड, विजयसाराचा पेला, सर्व करून झाले आहे. पेल्यातील पाणी लाल होते, शुगर होती तेथेच राहते.

अनघाताई, एक विचारतो. बोका चालताना मागचे पाय कसे टाकतो? आमच्या शेजाऱ्यांच्या मांजरीला हाच आजार होता, ती मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून सशासारखी चालायची. तसे असल्यास माझ्या नसांच्या गोळ्या आहेत, मिथाइलकोबालामिनच्या. बी-१२ च असते, त्याने अपाय नाही. पाव गोळी दुधातून देऊन पाहावी.

अनघा_गिरगाव
अय्या काका, अगदी तसंच चालतो! आम्हाला वाटत होतं वजनामुळे. गोळ्यांचं नाव व्यनि (खासगी निरोप) करता का?

डॉ_खूर
थांबा, थांबा. काका, ती गोळी देऊ नका. आधी पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे नसांच्या म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत मिथाइलकोबालामिनच्या जोडीला अल्फा लायपोइक ॲसिड असतं, बहुधा १०० मिलिग्रॅम. माणसाला चालतं, मांजराच्या यकृताला ते विष आहे. किलोमागे ३० मिलिग्रॅमला मांजरांना विषबाधा झाल्याचं प्रयोगात दिसलंय. कुत्र्याच्या मानाने मांजर या बाबतीत दहापट नाजूक. तीन किलोच्या मांजरीच्या पोटात एक आख्खी गोळी गेली की त्या रेषेवर पोचलोच.

टाच टेकवून चालणं हे साखरेने नसा दुखावल्याचं लक्षण. साखर आटोक्यात आली की बऱ्याच मांजरांचं हळूहळू सुधारतं. नुसतं बी-१२ काही डॉक्टर देतात, पण ते नुसतं हवं आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं हवं.

दवाखान्यात गर्दी आहे, पावडरीबद्दल रात्री लिहितो. तोवर अनघाताई, डबीमागचं सगळं इथे टाइप करा. पुढचं नको, मागचं.

आजोबा_७२
भिंगाने वाचले. आहे. अल्फा लायपोइक ॲसिड, १०० मिलिग्रॅम. सहा वर्षे रोज घेत आहे आणि आज प्रथमच वाचले. अनघाताई, माझा वरील सल्ला रद्द समजावा. संपादकांनी तो प्रतिसाद उडवला तरी हरकत नाही.

निमूट
उडवू नका. दोन्ही एकाखाली एक राहू देत. उद्या कुणी असंच काही शोधत आलं तर दोन्ही वाचेल.

केमिस्ट_डोंबिवली
काउंटरच्या मागून बोलतो. पावडर राहू द्या बाजूला, तुमची सिरिंज कुठली आहे? लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. हा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमध्ये इन्सुलिनची किती युनिट, तो. आपल्याकडे माणसांचं इन्सुलिन ४० च्या बाटलीतही मिळतं आणि १०० चंही मिळतं. मांजरांना हल्ली बरेच डॉक्टर ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहितात, ते १०० चं. आता १०० चं इन्सुलिन कुणी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एक रेघ भरलं, तर बोक्याच्या अंगात एक नाही, अडीच युनिट जातात. माणसाला अडीच म्हणजे किरकोळ. सात किलोच्या प्राण्याला नाही.

लोकल_८_०५
आलो घरी. वरच्या प्रतिसादाने पोटात गोळा आला, कारण नेमकं हेच आमच्याकडे झालंय.

२०२१, आमची चिंगी. केशरी सिरिंज संपल्या, स्टेशनबाहेरच्या दुकानातल्या पोराने लाल दिल्या, मीही बघितलं नाही. रात्री दोनला फ्रीजमागून खरवडल्यासारखा आवाज. जाऊन बघतो तर चिंगी भिंतीला टेकून उभी राहायचा प्रयत्न करतेय, डोकं डुलतंय, डोळे उघडे पण मला ओळखत नाहीत. बायकोने पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं आणि दुसऱ्यांदा मधाची बाटली. बोटाने हिरड्यांना मध चोळला, घशात ओतला नाही, कारण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की घशात ओतलं तर श्वासनळीत जातं. दहा मिनिटांनी तिने माझं बोट चावलं. चावल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही. मग टॅक्सी करून परळ, बैलघोडा हॉस्पिटल.

तेव्हापासून मधाची छोटी बाटली इन्सुलिनशेजारीच असते. मुंग्या लागतात, लागू देत.

पावशेर
या धाग्यावर मुंग्या फार झाल्या.

अनघा_गिरगाव
आत्ता उठून बघितलं. टोपी केशरी, बाटलीवर १०० लिहिलंय. हुश्श. नवऱ्यालाही दाखवलं, त्याला हे माहीतच नव्हतं, तो "छोटी सुई" एवढंच ओळखतो.

डॉक्टर, हे घ्या डबीमागचं, उतरत्या क्रमाने आहे तसं: माल्टोडेक्स्ट्रिन, ब्रूअर्स यीस्ट, कोंबडीच्या यकृताचा स्वाद, मॅग्नेशियम ऑक्साइड, झिंक सल्फेट, व्हॅनेडिल सल्फेट, क्रोमियम पिकोलिनेट. "कुत्रा व मांजर दोघांसाठी. १० किलो वजनामागे एक चमचा." कशाचं प्रमाण किती, ते कुठेच लिहिलेलं नाही.

शेवंता_वसई
माझी डबी वेगळी होती. हे माल्टोडेक्स्ट्रिन काय प्रकार आहे?

केमिस्ट_डोंबिवली
पिष्टापासून करतात. गोड लागत नाही, पण पोटात गेलं की ग्लुकोजच.

पावशेर
म्हणजे मधुमेहाच्या औषधात पहिला नंबर साखरेच्या चुलतभावाचा. वा!

डॉ_खूर
हां, आता बसून लिहितो.

क्रोमियमची कथा जुनी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत उंदरांवर काम करताना ब्रूअर्स यीस्टमध्ये साखर पचवायला मदत करणारं काहीतरी आहे असं दिसलं आणि बोट क्रोमियमकडे दाखवलं गेलं. १९७७ मध्ये कॅनडातल्या एका बाईंची केस प्रसिद्ध झाली. त्यांचं पोषण काही वर्षं फक्त शिरेतून चाललं होतं, साखर वाढली, नसा बिघडल्या, क्रोमियम दिल्यावर सुधारल्या. तिथून गोळ्यांचा बाजार सुरू झाला. पण त्या बाईंच्या शरीरात क्रोमियम जातच नव्हतं, तुमच्या बोक्याच्या खाण्यात ते असतं. पुढे २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर, क्रोमियम माणसाला आवश्यक आहे असं म्हणायलाच पुरावा नाही, असं मत दिलं.

मांजरांवरही प्रयोग झालेत. १९९९ मध्ये लठ्ठ आणि बेताच्या अशा दोन्ही वजनांच्या मांजरांना सहा आठवडे दिलं, फरक पडला नाही. २००२ मध्ये बेताच्या वजनाच्या निरोगी मांजरांत थोडासा फरक दिसला. म्हणजे ज्यांना मधुमेह नाही त्यांच्यात, आणि तोही थोडासा. त्यावरून "सुया बंद" म्हणणं हे दुकानदाराचं धाडस.

व्हॅनेडियम त्याहून जुनं. इन्सुलिन सापडलं १९२१ मध्ये, त्याच्या वीसेक वर्षं आधी फ्रान्समध्ये मधुमेहींना व्हॅनेडियम देऊन बघितलं होतं. ते पेशीत इन्सुलिनसारखं थोडंफार काम करतं हे खरं. पण पोट बिघडवतं, उलट्या होतात, भूक मरते. इन्सुलिन टोचलेल्या बोक्याने जेवण ओकून टाकलं तर काय होतं ते वर लोकल साहेबांनी लिहिलंच आहे.

मॅग्नेशियम ऑक्साइड बोक्याला तर नकोच. बोक्याची मूत्रनळी सुतासारखी, खडे झाले आणि तुंबली की जिवाशी खेळ. झिंक जास्त झालं तर तांबड्या पेशी फुटतात. आणि मात्राच लिहिलेली नाही, मग जास्त-कमी ठरवणार कशावरून?

खनिजांना मी नावं ठेवत नाही. मधुमेही मांजर किटोॲसिडोसिसमध्ये जातं, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठतं, तेव्हा पोटॅशियमवरच जीव टांगलेला असतो. ते इतकं खाली येतं की मांजराला मान उचलवत नाही, हनुवटी छातीला टेकते. इन्सुलिन सुरू केल्यावर फॉस्फरसही घसरतो. ते आम्ही सलाइनमधून देतो, रक्त तपासत तपासत. चमच्याने नाही.

@शेवंता_वसई, एक विचारू? त्या चार महिन्यांत मनीचं खाणं बदललं होतं का?

शेवंता_वसई
कोरडं खाणं बंद केलं होतं, पाऊचमधलं ओलं खाणं आणि उकडलेलं चिकन. इन्सुलिनही चालू होतं.

शेवंता_वसई
हो, कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते. पण पावडरीने काहीच केलं नाही असंही तुम्ही छातीठोक सांगू शकत नाही.

डॉ_खूर
नाही सांगू शकत. मान्य.

मांजरप्रेमी_नाही
मग चिकन द्या आणि मोकळे व्हा. एवढं पुराण कशाला? नाहीतर दोन दिवस उपाशी ठेवा, येईल वजन ताळ्यावर.

डॉ_खूर
उपाशी अजिबात नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते, मग कावीळ. वजन उतरवायचं ते महिन्यांच्या हिशेबाने.

नुसतं बिनहाडाचं चिकन महिनोन्‌महिने दिलं तर कॅल्शियमची बोंब होते. खनिज-खनिज म्हणताय ना, घरच्या खाण्यात सगळ्यात आधी ते कमी पडतं. आणि अनघाताई, खाणं बदलणार असाल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. पिष्ट कमी झालं की साखर आपोआप उतरते, इन्सुलिन तेवढंच राहिलं तर बोका कोसळतो.

कोळीवाडा_वरळी
आमच्याकडे पंधरा-वीस मांजरं धक्क्यावर पडलेली असतात, एकाला शुगर नाय. ताजी मांदेली न् बोंबील खातात. जून-जुलै बंदी असते तेव्हा बारीक होतात, नारळी पुनवेनंतर परत गुबगुबीत. अनघाताई, बोंबील चालू करा.

निमूट
दादा, ती मांजरं दिवसभर धक्क्यावर मारामाऱ्या करतात. गुंड्या गॅलरीत झोपतो. मीही बोंबील खातो, माझं पोट बघा.

डॉ_खूर
उकडलेला मासा कधीमधी चालेल, काटे काढून, मिठाशिवाय. रोज फक्त मासा नको. कच्चा नको, त्याने बी-१ कमी पडतं. सुकट तर नकोच.

अजून एक राहिलं. गुंड्याला खाजेची किंवा दम्याची इंजेक्शनं कधी दिली होती का?

अनघा_गिरगाव
हो! गेल्या वर्षी मानेवर खाजवून जखमा केल्या होत्या. आधीच्या डॉक्टरांकडे तीन वेळा इंजेक्शन, दर दीड महिन्याने. एका दिवसात खाज गायब व्हायची, आम्ही त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. फाइलवर फक्त "इंजे." लिहिलंय.

डॉ_खूर
लांब पल्ल्याचं स्टिरॉइड असण्याची शक्यता बरीच. मांजरात स्टिरॉइडने मधुमेह उघडा पडतो. आताच्या डॉक्टरांना हे सांगितलंय का? नसेल तर उद्याच सांगा. यात एक चांगली बाजू आहे, कारण काढून टाकता येण्यासारखं असलं की बोका इन्सुलिनमधून सुटण्याची आशा वाढते. पहिल्या काही महिन्यांत साखर नीट बसली तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं. कुत्र्यांत हे सहसा होत नाही.

आणि फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी करून घ्या. दवाखान्यात घाबरलेल्या धडधाकट मांजराचीही शुगर ३०० च्या घरात जाऊ शकते. फ्रुक्टोसामीन साधारण मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगतं.

आजोबा_७२
अमेरिकेत मांजरांसाठी गोळी निघाली आहे असे नातवाने सांगितले. खरे का?

डॉ_खूर
खरंय. डिसेंबर २०२२ मध्ये एक आणि २०२३ मध्ये दुसरं, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं औषध. पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरासाठी नाही ते. त्यात साखर फार वाढलेली नसतानाही किटोॲसिडोसिस होऊ शकतो, म्हणून निवड फार चोखंदळपणे करतात. गुंड्याने इन्सुलिन घेतलंय, त्यामुळे त्याच्यासाठी हा विषयच नाही.

लोकल_८_०५
घरी शुगर बघायची युक्ती सांगतो. कानाच्या कडेला बारीक शीर असते. बाळमोज्यात तव्यावर कोमट केलेले तांदूळ भरा, गाठ मारा, आधी स्वतःच्या गालाला लावून बघा, मग मिनिटभर कानाला धरा. शीर फुगते. मागे बोटाऐवजी कापसाचा बोळा धरून टोचायचं, नाहीतर स्वतःचीच शुगर कळते. माझी १४२ निघाली होती, तेव्हापासून मीही चालायला जातो. माणसाचं मशीन मांजराची साखर थोडी कमी दाखवतं, तेवढं ध्यानात ठेवा.

पावशेर
बोक्याच्या धाग्यावर माणूस सुधारला. धागा वाचनखुणांत टाकला आहे.

गुलमोहर_ठाणे
अवांतर: आमचा लॅब्रॅडॉर लठ्ठ आहे आणि पाणी फार पितो. त्याला क्रोमियम चालेल का?

निमूट
@गुलमोहर_ठाणे, सगळा धागा वाचून हा प्रश्न विचारलात, की शेवटून वाचायला सुरुवात केलीत?

गुलमोहर_ठाणे
शेवटून. वाचतो.

अनघा_गिरगाव
सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय. अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

स्टिरॉइडचं सांगितल्यावर आमच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. फ्रुक्टोसामीन वाढलेलंच आलं, म्हणजे मधुमेह खराच. कोरडं खाणं दहा दिवसांत हळूहळू बंद केलं. तिसऱ्या दिवशी रुसून बसला, रिकाम्या वाटीत पंजा घालून वाटी गॅलरीभर फिरवली, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. आता पाऊच मुकाट खातो. वजन ६ किलो ७००. डोस दोनदा कमी झाला. काल सकाळी घरी १७८. नवरा तांदळाचा मोजा घेऊन बसतो तेव्हा गुंड्या स्वतःहून कान पुढे करतो, कारण नंतर उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो. टाच अजून थोडी टेकते, पण परवा ओट्यावर उडी मारली. ओट्यावर चढला म्हणून कुणी ओरडलं नाही, असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं.

डबी परत द्यायला गेले. दुकानदार म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत. मी तिथेच उभी राहून "माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय हो?" असं जरा मोठ्याने विचारलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. डबीच्या बदल्यात पाऊच मिळाले.

शेवंता_वसई
छान झालं गं. मीही घरातली उरलेली डबी शोधून मागचं वाचलं. माझ्यात माल्टोडेक्स्ट्रिन तिसऱ्या नंबरवर होतं.

आजोबा_७२
फार आनंद झाला. सासूबाईंची तपासणी काय म्हणते?

अनघा_गिरगाव
त्या रोज बघतात काका. परवा गुंड्याने मुद्दाम केल्यासारखी गॅलरीत केली. सासूबाई स्टूल टाकून तासभर बसल्या. मुंग्या आल्या, कोपऱ्याजवळून वळल्या आणि सरळ त्यांच्या खोलीतल्या कपाटाकडे गेल्या. कपाट उघडलं तर साड्यांमागे बुंदीच्या लाडवांचा डबा. त्यांची स्वतःची शुगर २१० आहे.